फोनमधल्या बंद बटणांबद्दल ट्रायला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली.

विषय: ग्राहकाच्या फोनमध्ये असलेल्या वायफाय कॉलिंग, व्होल्टी (म्हणजे 4जीवरूनच लागणारा कॉल), 5जी आणि हॉटस्पॉट या सोयी मोबाईल कंपन्यांनी आपल्या यादीनुसार चालू-बंद ठेवण्याबाबत.

स.न.वि.वि.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यावरून पायी येता येईल एवढ्या अंतरावर, आमचं मोबाईल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. सासऱ्यांनी एसटीडी-पीसीओचा बूथ टाकला होता, त्याच गाळ्यात आता मी आणि माझे धाकटे दीर बसतो. आत मायक्रोस्कोपखाली बोर्ड उघडून बसणं त्यांचं काम, काउंटर माझं. त्यामुळे फोनमध्ये जे काही चालत नाही त्याचा राग पहिल्यांदा माझ्यावर निघतो. त्यातला बराचसा आमच्या हक्काचा असतो, तो निमूट ऐकून घेते. पण अलीकडे एक तक्रार अशी वाढली आहे की जिच्यावर आमच्याकडे इलाज नाही, सर्व्हिस सेंटरकडे नाही, आणि कंपनीच्या कॉल सेंटरकडे असला तरी ते तो करत नाहीत. म्हणून आपल्याला लिहिते आहे. पत्र मराठीत आहे कारण लष्कर भागातल्या आणि इंदूर-बडोद्याकडच्या आमच्या मराठी माणसांनी ते वाचावं, पटलं तर स्वतःही लिहावं असं वाटतं. हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला स्पीड पोस्टानं वेगळी पाठवली आहे.

तक्रार थोडक्यात अशी. माणूस पूर्ण पैसे मोजून फोन घेतो. खोक्यावर ‘वायफाय कॉलिंग’ छापलेलं असतं. आतला चिप ते करू शकतो, सॉफ्टवेअर करू शकतं. सिम टाकलं की ते बटण एका कंपनीच्या सिमवर दिसतं, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर दिसतच नाही. फोन तोच, घर तेच, वायफाय तेच.

बाहेरच्यांना वाटेल, वायफाय कॉलिंग म्हणजे चैन. त्यांनी एकदा लष्करातल्या जुन्या वाड्यात यावं. आमच्याकडे भिंती वालुकाश्माच्या, हातभर जाडीच्या, आणि वर छतालाही दगडाच्या लांब पटिया. उन्हाळ्यात 45 अंशांत हेच घर गार राहतं म्हणून आम्ही त्याचं कौतुक करतो, पण मोबाईलच्या लहरींना ते तितकंच कडक आहे. त्यातून 4जी-5जीचे बरेचसे बँड वरच्या फ्रिक्वेन्सीचे, 1800, 2300, 3300 मेगाहर्ट्झच्या आसपासचे. ते दगडातून आत येता येताच दम तोडतात. अंगणात चार कांड्या, ओसरीवर दोन, माजघरात शून्य. फोन वाजला की माणसं चप्पल न घालता अंगणात पळतात. पाहुण्यांना याची गंमत वाटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाटत नाही.

अशा घरांसाठी वायफाय कॉलिंग हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. घरात फायबरचं ब्रॉडबँड आलेलं असतंच. फोन त्या ब्रॉडबँडवरून कंपनीच्या गेटवेपर्यंत एक कूटबद्ध बोगदा तयार करतो आणि नेहमीचा कॉल, नेहमीच्याच नंबरवरून, त्या बोगद्यातून जातो. समोरच्याकडे वायफाय असायला लागत नाही, ॲप लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत. टॉवरवर भार पडत नाही, उलट कमी होतो. आपल्या देशात ही सेवा 2019 च्या डिसेंबरात एअरटेलनं आणि 2020 च्या जानेवारीत जिओनं सुरू केली. म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही.

दाणाओळीतल्या एक काकू आमच्या जुन्या ग्राहक. मुलगा पुण्यात. तो रोज रात्री फोन करतो, पण काकूंची खोली वाड्याच्या पोटात आहे, तिथे फोन लागत नाही. व्हॉट्सॲपवर बोला म्हटलं तर त्या म्हणतात, ‘‘अगं, डॉक्टरांचा, बँकेचा, गॅसवाल्याचा फोन व्हॉट्सॲपवर येतो का?’’ बरोबरच आहे त्यांचं. तर मुलानं त्यांच्यासाठी नवा फोन घ्यायला सांगितला, मुद्दाम वायफाय कॉलिंगवाला. मी खोक्यावर दाखवून दिला. काकूंचं सिम टाकलं. सेटिंगमध्ये गेले, सिम कार्डच्या पानावर गेले, तर तिथे ती ओळच नाही. करड्या रंगात बंद आहे असंही नाही, मुळात गायबच. माझं सिम, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या खाचेत टाकलं, तर त्याच्याखाली ती ओळ हजर. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘मग तुझं सिम चांगलं आणि माझं वाईट, असंच ना?’’

कॉल सेंटरला फोन लावला. ते म्हणाले, आमच्याकडून सेवा चालू आहे, हँडसेट कंपनीकडे विचारा. हँडसेटच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर ते म्हणाले, ऑपरेटरनं हे मॉडेल त्यांच्या यादीत घेतलेलं नाही, त्यांनी घेतलं की पुढच्या अपडेटमध्ये आपोआप येईल. कधी येईल? सांगता येत नाही. येईल तरी का? तेही सांगता येत नाही. पुन्हा ऑपरेटरकडे गेलो तर तिथे तक्रार नोंदवली गेली आणि दुसऱ्या दिवशी ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा एसएमएस आला. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. काकू अजून अंगणातच बोलतात, पावसाळ्यात छत्री घेऊन.

आता ही यादी काय प्रकार आहे ते सांगते, कारण ग्राहकांना वाटतं की फोनमध्ये काहीतरी कमी आहे. कमी काही नाही. अँड्रॉइड फोनच्या डायलरवर तारा-हॅश-तारा-हॅश करून 4636 दाबला आणि पुढे हॅश-तारा-हॅश-तारा लावला की बऱ्याच फोनवर एक चाचणीचं पान उघडतं. त्यात सिग्नलची ताकद, टॉवरची माहिती वगैरे असतं आणि खाली स्विच असतात: व्होल्टी प्रोव्हिजन्ड, वायफाय कॉलिंग प्रोव्हिजन्ड. ‘प्रोव्हिजन्ड’ म्हणजे कंपनीनं उपलब्ध करून दिलेलं. सगळी सोय तिथे नावानिशी मांडून ठेवलेली असते, फक्त स्विच करडा. बोट लावलं तरी हलत नाही. एका प्रसिद्ध चिनी कंपनीच्या फोनवर तर याहून मजा आहे. तिथे त्याच तारा-हॅशांमध्ये 86583 दाबलं की पडद्यावर खाली संदेश येतो की व्होल्टीसाठी ऑपरेटरची तपासणी बंद केली. 869434 दाबलं की वायफाय कॉलिंगसाठीची तपासणी बंद. जुन्या बटणांच्या फोनवर हे आकडे अक्षरांत वाचले तर व्होल्टी आणि व्होवायफाय (वायफाय कॉलिंगचंच दुसरं नाव) असेच निघतात. म्हणजे बनवणाऱ्यानं लपवायचेही फारसे कष्ट घेतलेले नाहीत. हा कोड दाबल्यावर कितीतरी फोनवर बंद असलेली सोय तिथल्या तिथे चालू होते आणि कॉल स्वच्छ लागतो. कधी चालत नाही, कधी अपडेट आला की पुन्हा मूळपदावर. नव्या फोनमध्ये हे कोड काढून टाकण्याकडे कल दिसतो, ते वेगळंच.

यावरून एवढं तर सिद्ध होतं की अडचण यंत्रात नाही. फोनमध्ये एक तपासणी बसवली आहे: सिम कुणाचं, मॉडेल कुठलं, यादीत जोडी आहे का? नसेल तर ओळ लपवा. ही यादी ग्राहकाला फोन घेण्याआधी कुठे पूर्ण बघायला मिळत नाही. काही कंपन्या वेबसाइटवर चालणाऱ्या फोनची नावं देतात, पण ती अर्धवट, जुनी, आणि त्यात ‘सॉफ्टवेअरची अमुक आवृत्ती’ अशी अट. दुकानदाराला तरी ती कळते का? नाही. आम्ही विकतो ते खोक्यावरच्या छापील मजकुराच्या भरवशावर.

ऑपरेटरांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती सगळीच खोटी नाही. बोलता बोलता घरातून बाहेर पडलं तर वायफायवरचा कॉल न तुटता व्होल्टीवर सरकला पाहिजे. आणीबाणीचा 112 नंबर नीट लागला पाहिजे. आवाजाची प्रत राखली पाहिजे. यासाठी प्रत्येक मॉडेल तपासून बघावं लागतं, हे मान्य. पण या गोष्टींचं जागतिक प्रमाण कधीचं ठरलेलं आहे. जीएसएमए या मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा व्होल्टीसाठी आयआर 92 आणि वायफाय कॉलिंगसाठी आयआर 51 असा दस्तऐवज आहे. चिप बनवणारे, फोन बनवणारे आणि नेटवर्क चालवणारे सगळे त्यावरच काम करतात. तपासणीला वेळ लागतो म्हणावं तर त्याला काही मुदत हवी की नको? फोन बाजारात येतो, दोन वर्षं विकला जातो, त्याचं उत्पादन बंद होतं, आणि यादीत नाव तरीही नाही. याला तपासणी म्हणत नाहीत.

यात पैशाचा प्रश्नही आहेच. मॉडेल खपणारं, कंपनी मोठी, तर तपासणी पटकन होते. लहान कंपनीचा, कमी खपाचा, दुबईहून किंवा अमेरिकेतून आणलेला फोन असेल तर त्याला कोण विचारतो? आमच्या लष्करातल्या घराघरांतली मुलं तिकडे आहेत. दर दिवाळीला आपला वापरलेला, पण इथल्या नव्यापेक्षा चांगला फोन ती आई-वडिलांना आणून देतात. त्या फोनवर 4जी इंटरनेट झकास चालतं, आणि कॉल लावला की वरचं 4जी जाऊन तिथे इंग्रजी ई दिसायला लागतो. व्होल्टी चालू नसल्यामुळे फोन बिचारा 2जीवर उतरतो. बोलणं संपेपर्यंत इंटरनेट ठप्प. जिओकडे तर 2जी-3जी नाहीच, त्यामुळे तिथे व्होल्टी न चालणाऱ्या फोनवरून साधा कॉलच लागत नाही. लाखाचा फोन आणि त्यावरून ‘हॅलो’ म्हणता येत नाही, हे त्या आजोबांना समजावणं माझ्या वाट्याला येतं.

एकदा असाच एक फोन आला होता, मागे एका अमेरिकन कंपनीचं नाव छापलेला. रीतसर अनलॉक केलेला, बिल सोबत. भारतीय सिम चाललं, नेट चाललं. कॉलेजला जाणाऱ्या नातीनं लॅपटॉप जोडण्यासाठी हॉटस्पॉट दाबलं, तर पडद्यावर संदेश: ही सेवा चालू करण्यासाठी आपल्या ऑपरेटरशी संपर्क साधा, आणि खाली त्या अमेरिकन कंपनीचा ग्राहक सेवा नंबर. माझे दीर म्हणाले, ‘‘लाव फोन, तिकडे आत्ता रात्र असेल.’’ फोन माधवगंजात, सिम आपलं, डेटा आपला, पैसे इथे भरलेले. आणि हॉटस्पॉट लावायची परवानगी सातासमुद्रापलीकडून मागायची. कारण त्या कंपनीनं फर्मवेअरमध्ये, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, हॉटस्पॉटच्या आधी एक चौकशी बसवून ठेवली होती की या ग्राहकानं त्याचे पैसे भरलेत का, आणि ती चौकशी सिम बदललं तरी जात नव्हती.

तिकडे हा धंदा जुना आहे. 2004 मध्ये व्हेरायझन या अमेरिकन कंपनीनं मोटोरोलाचा व्ही710 हा फोन ब्लूटूथवाला म्हणून विकला, पण ब्लूटूथवरून फोटो किंवा फाइल पाठवायची सोय त्यात बंद करून ठेवली. हेडसेट जोडा, बाकी काही नको. फोटो बाहेर काढायचा असेल तर कंपनीच्या पैसे लागणाऱ्या सेवेतून पाठवा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. ग्राहक कोर्टात गेले आणि कंपनीला तडजोड करावी लागली. आयफोनमध्ये हॉटस्पॉटसारखी सोय 2009 मध्ये आली. एटी अँड टी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनं ती आपल्या ग्राहकांना 2010 मध्ये दिली आणि महिन्याला 20 डॉलर जादा लावले, तेही एक एमबी डेटा न वाढवता. ग्राहकानं विकत घेतलेले दोन जीबी त्यानं फोनवर संपवायचे की लॅपटॉपवर, याचेच ते 20 डॉलर. 2012 मध्ये व्हेरायझननं गूगलला सांगून हॉटस्पॉटची ॲप्स दुकानातून अडवली, तेव्हा तिथल्या नियामकानं, म्हणजे एफसीसीनं, कंपनीकडून साडेबारा लाख डॉलर भरून घेतले. ज्या बँडवर ती कंपनी 4जी चालवत होती त्या बँडच्या परवान्यात आधीच लिहून ठेवलं होतं की ग्राहकाचं उपकरण आणि ॲप अडवायचं नाही. नियम लिहिलेला होता म्हणून वसुली झाली.

कुणी विचारेल, कंपनीला कळतं कसं की हॉटस्पॉट लावला आहे? सोपं आहे. इंटरनेटच्या प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो, वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला तो एकानं कमी होतो. फोनमधून थेट निघालेलं पाकीट सहसा 64 घेऊन निघतं. लॅपटॉपचं पाकीट फोनमधून पुढे जातं तेव्हा फोन हाही एक मुक्काम ठरतो, म्हणून त्याचा आकडा बाहेर पडतानाच एकानं कमी झालेला असतो, 64 चा 63. टॉवरच्या पलीकडे बसलेल्या यंत्राला एवढं पुरतं. हे मी सांगते यासाठी की आपल्याकडे आज हॉटस्पॉटला नेहमीच्या प्लॅनमध्ये कुणी वेगळे पैसे मागत नाही, आणि त्याबद्दल इथल्या कंपन्यांना मनापासून धन्यवाद; पण ओळखायची, अडवायची यंत्रणा सगळ्यांच्या हातात आहे. ‘अमर्याद 5जी’ अशा पाट्या बाड्यावर सगळीकडे लागल्या आहेत. उद्या त्या अमर्यादेला मर्यादा घालायची वेळ आली, तर पहिला हात हॉटस्पॉटवर पडेल, असा माझा होरा आहे. अमेरिकेत ‘अमर्याद’ प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचे जीबी वेगळे मोजतात, हे जगजाहीर आहे. तेव्हा अजून कुणाचं काही बिघडलेलं नाही तोवरच हे लिहून ठेवा.

आपल्याकडे आणि तिकडे एक मोठा फरक आहे, तो आपल्या लक्षात आणून द्यायचा आहे. अमेरिकेत फोन बहुतेक वेळा ऑपरेटरच देत असे, स्वस्तात, दोन वर्षांच्या बोलीवर. आपला पैसा गुंतला आहे म्हणून आम्ही सांगू तसं वापरा, असं म्हणायला त्यांना निदान तोंड होतं. आपल्याकडेही हे घडलं आहे. 2003 मध्ये रिलायन्सच्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत 501 रुपये भरून सीडीएमए फोन घरोघर आले. त्यात सिमच नव्हतं, नंबर फोनमध्येच बसवलेला. कंपनी सोडली की फोन ठोकळा. सासऱ्यांनी तेही विकले. पण ते घेणाऱ्याला माहीत होतं की हा कंपनीचा फोन आहे. आजचा फोन ग्राहक पूर्ण किमतीला घेतो, अठरा टक्के जीएसटी भरतो, अनेकदा हप्त्यावर घेतो आणि व्याजही भरतो. ऑपरेटरचा त्यात छदाम नाही. मग त्यातलं बटण कुठलं दिसावं हे ऑपरेटरनं कशाच्या जोरावर ठरवायचं? वीज मंडळ युनिट मोजतं आणि बिल देतं, तुमचा मिक्सर आमच्या यादीत नाही म्हणून स्वयंपाकघरातला प्लग बंद, असं अजून तरी कुणी आम्हाला कळवलेलं नाही.

सरकारला हे माहीत नाही असंही नाही. 1 ऑक्टोबर 2022 रोजी देशात 5जी सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की लोकांच्या हातात 5जीचे फोन आहेत, पण त्यावर 5जी लागत नाही, कारण सॉफ्टवेअरनं कुलूप घातलेलं आहे. एका कंपनीचं नेटवर्क स्टँडअलोन, म्हणजे स्वतंत्र 5जी, दुसरीचं नॉन-स्टँडअलोन, म्हणजे 4जीच्या आधारानं चालणारं. फोन कुणासाठी उघडा, कुणासाठी नाही. त्याच महिन्यात दूरसंचार विभागानं हँडसेट कंपन्या आणि ऑपरेटर यांना एकत्र बोलावून अपडेट लवकर काढायला सांगितलं. आयफोनवाल्यांना ते 13 डिसेंबरच्या अपडेटमधून मिळालं. ग्वाल्हेरात 5जी 2023 च्या जानेवारीत आलं, तोवर बरेचसे फोन उघडले होते, म्हणून आमच्याकडे फार बोंब झाली नाही. मुद्दा असा की वरून विचारणा झाल्यावर जी गोष्ट दोन-तीन महिन्यांत होते, ती वायफाय कॉलिंगसाठी वर्षानुवर्षं का होत नाही? विचारणारं कुणी नाही म्हणून.

आपण विचारू शकता. 8 फेब्रुवारी 2016 चा आपला आदेश आम्ही विसरलेलो नाही. डेटाचे दर तो कुठल्या साइटसाठी वापरला यावरून बदलता येणार नाहीत, असं आपण मोठमोठ्यांना ठणकावून सांगितलं होतं. 2018 मध्ये सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या मजकुराला सारखी वागणूक देण्याची, आपली शिफारस मान्य केली. पण त्या सगळ्यात रोख आहे तो मजकुरावर: कुठली साइट, कुठलं ॲप. ग्राहकानं कुठलं यंत्र, कसं जोडून वापरावं, याचा हक्क तेवढ्या स्पष्टपणे आमच्या पदरात पडलेला नाही. युरोपियन महासंघानं तो 2015 च्या नियमातच घातला: आपल्या पसंतीचं उपकरण वापरण्याचा अधिकार. त्याच नियमाच्या आधारावर 2021 च्या सप्टेंबरात तिथल्या न्यायालयानं एका प्लॅनमधलं हॉटस्पॉटवरचं बंधन बेकायदा ठरवलं.

हँडसेट आमच्या कक्षेत येत नाहीत, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. येत नसतील. पण यादी ऑपरेटरची आहे आणि ऑपरेटर आपल्या कक्षेत येतात. नाहीतरी आपण 2024 मध्ये कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर लावायला भाग पाडलंतच. मी ते बघितले. आमची गल्ली त्यात छान रंगवलेली आहे, आणि गल्लीत सिग्नल आहेही; प्रश्न उंबऱ्याच्या आतला आहे. त्याच वर्षी आपण इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियमही काढलेत. नवे फ्लॅट बांधणाऱ्याला ते उपयोगी पडतील. शिंदेशाहीत बांधलेल्या वाड्याला कोण तारे देणार? तिथे भिंत पाडून अँटेना बसवण्यापेक्षा फोनमधली एक ओळ दिसू देणं स्वस्त नाही का?

म्हणून मागणी अशी आहे. प्रत्येक ऑपरेटरनं आपल्या वेबसाइटवर एकच, चालू तारखेची यादी लावावी: फोनचं मॉडेल, आणि त्यापुढे त्या कंपनीच्या सिमवर व्होल्टी, वायफाय कॉलिंग, 5जी आणि हॉटस्पॉट चालतं की नाही. नकाशे लावता येतात तर यादीही लावता येईल. भारतात अधिकृतपणे विकला जाणारा आणि प्रमाणाप्रमाणे बनवलेला फोन बाजारात आल्यापासून ठरलेल्या मुदतीत यादीत आला पाहिजे. ती मुदत तीन महिने की सहा हे आपण ठरवा, आम्ही वाद घालणार नाही. नाही घेतला तर कारण लेखी, मॉडेलच्या नावापुढेच. ‘तपासणी चालू आहे’ हे कारण दुसऱ्यांदा चालणार नाही. बाहेरून आणलेल्या फोनची हमी ऑपरेटरनं घ्यावी असं मी म्हणत नाही, पण निदान ग्राहकाला ‘स्वतःच्या जबाबदारीवर चालू करा’ एवढा स्विच तरी मिळू दे. चाललं तर चाललं. आणि ग्राहकानं विकत घेतलेला डेटा त्यानं फोनवर वापरला की हॉटस्पॉट लावून, यावरून दर, वेग किंवा मर्यादा बदलता येणार नाही, एवढं एक वाक्य दरांच्या नियमात घाला.

शेवटची गोष्ट तक्रारीची. आपण एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि मग कंपनीचाच अपील अधिकारी, हे मला पाठ आहे. ग्राहकांना तो रस्ता मीच लिहून देते. 2022 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितल्यापासून ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. पण या रस्त्यावर घोडं पहिल्याच पायरीवर पेंड खातं, कारण तक्रार कुठल्या रकान्यात बसवायची हेच तिथल्या माणसाला कळत नाही. सिग्नल आहे, नेट आहे, बिल बरोबर आहे. मग तक्रार कसली? काकूंची तक्रार ‘नेटवर्क कव्हरेज’ खाली नोंदवली गेली होती. त्यांच्या गल्लीत कव्हरेज असल्यामुळे ती सुटली. ‘हँडसेटमधील सुविधा सुरू न करणे’ असा एक स्वतंत्र प्रकार तक्रार केंद्रांच्या यादीत घालायला लावा आणि त्याचे आकडे दर तिमाहीला कंपनीकडून मागवा. लोक किती ठिकाणी अडकले आहेत ते आपल्याला आपोआप दिसेल.

या विषयावर सल्लामसलतीचा कागद काढलात तर मुदतीत उत्तर पाठवेन, हिंदीतही आणि इंग्रजीतही. कुठल्या मॉडेलवर कुठल्या सिमनं काय दिसतं आणि काय दिसत नाही, याची वही आमच्या काउंटरवर ठेवली आहे. तिची प्रत हवी असल्यास कळवावं, ग्राहकांची नावं झाकून पाठवते.

आपली,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक मोबाईल दुकानदार